गोलातला चेहरा

"पाय कुठे गेले?" मन्नूबिया मावशींनी विचारलं.

सलवाला आधी कळेचना. जर्जीस गावातल्या कोळ्यांच्या संघाच्या खोलीत प्रोजेक्टरमधून भिंतीवर नव्या वेबसाइटचं पान पडलं होतं आणि समोर दहाबारा बायका चहाचे पेले धरून बसल्या होत्या. समुद्रावरून इटलीला निघालेली आणि पोचल्याचा फोन न आलेली त्यांची मुलं त्या पानावर होती. नवं रूप कसं वाटतं, एवढंच सलवाने विचारलं होतं.

"कोणाचे पाय, मावशी?"

"माझ्या नाजीचे. जुन्या साइटवर चांगला पुरा उभा होता. आता नुसतं मुंडकं ठेवलंय."

"फोटो गोल केलेत. चेहरा मोठा दिसावा म्हणून. गाझी म्हणाला..." गाझी म्हणजे साइट बनवणारा स्फाक्स शहरातला मुलगा.

"त्या गाझीच्या घरचं कोणी गेलंय समुद्रात?"

"नाही."

"तरीच. चेहऱ्याचं काय लोणचं घालायचंय? पाणी आधी चेहराच खातं. शवागारातली माणसं बूट बघतात, पट्टा बघतात. बूट दाखव."

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. कुणाला पट्ट्याचं बक्कल हवं होतं, कुणाला दंडावरचा डाग. कपड्यांना रकाना एकच का, असं जुहैदाने विचारलं. पोरं निघताना नवी विजार आत घालतात आणि वर जुनी चढवतात, म्हणजे तिकडे उतरल्यावर जुनी फेकून चारचौघांसारखं रस्त्याला लागता येतं. "माझ्या पोराने आत कुठली घातली, ते मला दुकानदाराने सांगितलं," जुहैदा म्हणाली. "दोन रकाने कर, बाई. आतलं वेगळं, वरचं वेगळं."

सलवा टिपून घेत होती. गोल फोटो गाझीकडून तिनेच मागून घेतले होते, हे तिच्या तोंडून निघालं नाही. ते मागच्या रांगेत बसलेल्या यम्मासाठी होते. यम्मा म्हणजे तिची आई, मब्रूका. रोज संध्याकाळी ती फोन मागून घेई, आपल्या लेकाचा, हैसमचा चेहरा बोटांनी मोठा करी आणि त्याला रागे भरी. तिच्या हिशेबी हैसम इटलीत होता. कागद नव्हते म्हणून लपून राहत होता, म्हणून फोन करत नव्हता. निघताना त्याच्या अंगात काय होतं, असं कुणी विचारलं की ती उठून जाई. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे सलवाला कळत होतं. पण झाकण उचलायचं कुणी? शवागारांतून कपड्यांची वर्णनं येत आणि सलवा ती सगळ्यांच्या मुलांशी जुळवून बघे. आख्ख्या साइटवर एकाच मुलाचा रकाना कोरा होता, आणि तो तिचाच भाऊ होता.

"मब्रूका, तू बोल की," मन्नूबिया मावशी म्हणाल्या. "लेकीच्या कामाला नावं ठेवायची लाज वाटते का?"

"चेहरे छान दिसतात," यम्मा म्हणाली. "राहू देत. उद्या माझा हैसम तिकडे रस्त्यात दिसला, तर लोक काय बुटांवरून ओळखतील?"

जुहैदाने यम्माच्या पेल्यात चहा ओतला. सलवाने तेही टिपलं: एकीला चेहरा हवा.

बायका गेल्या. सलवाला आईचा भयंकर राग आला होता, आणि राग आल्याची लाजही वाटत होती. ती खुर्च्या एकीत एक घालत राहिली.

यम्मा मोरीपाशी पेले विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "तो वरच्या कपड्यांचा रकाना. त्यात किती मावेल?"

"हवं तेवढं. का गं?"

नळ चालूच राहिला.

"तो राखाडी स्वेटर होता त्याच्या अंगात. डाव्या बाहीची शिवण काखेत उसवली होती. राखाडी लोकर संपली होती, म्हणून मी हिरव्याने शिवली. तर हा कुरकुरायला लागला, लोक हसतील म्हणून. मग सगळी उसवून पुन्हा आतून टाके घातले."

सलवा खुर्ची हातात धरून तशीच उभी राहिली.

"लिही ना," यम्मा म्हणाली. "बाहेरून काही दिसायचं नाही. बाही उलटी करून बघायला सांग त्यांना."