शिशाचा दिवा

विहिरीचं पाणी पिऊन सारजाबाईंच्या पाच मेंढ्या पाय झाडत मेल्या होत्या. विहिरीशेजारी कुणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडायचं, म्हणून पाण्यात शिसं उतरलंय का हे तपासायला त्या नेकनूरहून बाटली घेऊन प्रयोगशाळेत आल्या होत्या.

दुपारी तिथल्या तंत्रज्ञ रोहिणीनं छापील अहवाल पुढं केला. "शिसं आढळलं नाही, मावशी."

"मंजी सुनंला पाजू ते पानी? सातवा महिना हाय तिला."

रोहिणीनं पाणी तपासायच्या यंत्राकडं पाहिलं. सारजाबाईंची नजर यंत्राच्या उघड्या झाकणाखालच्या लालसर दिव्यांवर गेली. "येवढे दिवे कावून गं?"

"प्रत्येक धातूचा दिवा वेगळा, मावशी. ज्या धातूचा दिवा, तोच धातू त्याचा उजेड पितो. हा तांब्याचा, हा जस्ताचा, तो लोखंडाचा."

"मेंढीवाणीच की. ती बी दुसऱ्याच्या कोकराला पिऊ देत न्हाई." सारजाबाईंनी मधल्या रिकाम्या खाचेकडं बोट केलं. "आन् हितं कुणाचा व्हता?"

"शिशाचा," रोहिणीचा आवाज खाली आला. "महिन्यापूर्वी गेला. नवा अजून आलेला नाही."

सारजाबाईंनी अहवाल तिच्यापुढं परत ठेवला.

"आई कळपात नसली तर कोकरू पीत न्हाई, पोरी. मंजी कोकरूच न्हाई का?"

आतल्या खोलीत साहेब खाकरले. रोहिणीनं पेन उचललं, 'आढळलं'वर काट मारली आणि वर लिहिलं, 'तपासलं'.