आनंदाची पोच

एका संस्थेने देणगीतून दिलेलं ऐकण्याचं यंत्र ओवीच्या कानामागे बसवून चार महिने झाले होते. आज ती पहिला शब्द बोलणार, म्हणून संस्थेच्या नाडकर्णीबाईंनी तिच्या आईच्या, शैलाच्या कपाळाला पट्टी लावली.

"तुम्हाला जो आनंद होईल तो थेट देणगीदारांकडे जाईल. त्यांच्या देणगीचं काय झालं, ते त्यांना कळायला नको का? तेवढा मात्र तुमच्याकडे राहणार नाही."

शैलाने मान डोलावली. पोरगी बोलतेय, आणखी काय हवं?

ओवीने ओठ जुळवले. "आई."

पट्टी किंचित गरम झाली. सहा वर्षं या शब्दासाठी आपण जीव टाकत होतो, हे शैलाला आठवत होतं. पण आत काहीच हललं नाही. तिला पंख्याची घरघर ऐकू आली.

"छान बोललीस हो," ती म्हणाली.

"पोचलं," पडद्याकडे बघत नाडकर्णीबाई म्हणाल्या. "तिकडे सगळे रडतायत."

ओवी मात्र जन्मापासून माणसांचे चेहरे वाचत आली होती. आवाजांवर तिचा अजून भरवसा नव्हता. तिने आईचा चेहरा नीट निरखला. मग यंत्र काढून तिने आईच्या हातात परत दिलं.