पितळी माशी

हॉबर्टनं मुलासाठी ठासणीची बंदूक घडवली, पण ती पुरी होण्याआधीच मुलगा खाणीत मेला. आता हरणांच्या हंगामाआधी म्हातारा ती सुनेच्या, डेल्फाच्या, डोळ्याला बसवत होता. नळीच्या टोकावरची, नेम धरायची पितळी माशी उंच होती, म्हणून डेल्फाची गोळी खाली लागे. माशी घासली की गोळी वर येई, पण घासलेलं पितळ परत वाढत नाही. डेल्फाच्या खिशात माहेरचं तिकीट होतं, रविवारच्या बसचं. तिनं मुद्दाम नेम वर धरला आणि गोळी निशाणाच्या मधोमध लागली. “झालं, बाबा. घासू नका.” “पोरी, फसवतेस कुणाला? नळी वर होती.” त्यानं कानस चालवली, पूड फुंकली. तिनं नेम सरळ धरला, तरी गोळी मधोमधच लागली. “ही आता दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला बसायची नाही,” म्हातारा म्हणाला. “सोमवारी पहाटे शिकारीला उठवतो.” “उठवा,” डेल्फा म्हणाली.