वरच्या साहेबांची तपासणी

"पुन्हा पाठवलं," तपासणीच्या खोलीतून बाहेर येत नवरा म्हणाला आणि त्याने हातातली चिठ्ठी बायकोपुढे धरली. "आता मानेच्या डॉक्टरकडे."

"मानेचा काय संबंध? चक्कर डोक्याला येते ना तुम्हाला?"

"डोकं मानेवरच असतं म्हणे."

बायकोने चिठ्ठी हिसकावून घेतली. तिच्या शिलाईच्या दुकानाला आज पुन्हा कुलूप होतं आणि शाळेचे गणवेश कापून तसेच पडले होते. बाकावरची माणसं बघत होती, तरी तिने आवाज खाली आणला नाही.

"कान झाले, डोळे झाले, मेंदूचा फोटो झाला. कुणालाच काही सापडत नाही आणि कुणी सोडतही नाही. माणूस आहे की चेंडू?"

"हळू बोल गं," नवरा म्हणाला. "त्यांनाही पोटं आहेत."

तो पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. छताखालच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालच्या माणसांच्या डोक्यांवरून लोखंडाची ओझी नेऊन ठेवायची, तीही अशी की टेकल्याचा आवाज येऊ नये. सगळे त्याला 'वरचे साहेब' म्हणत. खालच्या साहेबांना एवढा मान कधी मिळाला नाही. मग चक्कर सुरू झाली आणि वरचे साहेब खाली आले. आता ते स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट वाटत होते.

कंपनीच्या डॉक्टरीणबाई 'फिट' असं लिहून देत नाहीत तोवर शिडीला हात लावायचा नाही, हा कारखान्याचा नियम. आणि डॉक्टरीणबाई काही लिहीत नव्हत्या. एकाकडून परत आलं की दुसऱ्याकडे चिठ्ठी. आता मॅनेजरनेही निरोप धाडला होता. महिनाअखेरपर्यंत कागद आला नाही, तर केबिन कायमची दुसऱ्याला.

त्या निरोपाने बायकोच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अर्धं आयुष्य वर काढलेला माणूस, तो जन्मभर नटबोल्ट मोजत बसणार? तिला ते बघवणार नव्हतं.

नवरा मात्र उसनं अवसान आणून बोलायचा. कारखान्यातले सोबती घरी आले की त्याला चेव येई. "ह्या डॉक्टरांना फक्त मला सोडू दे. दुसऱ्या दिवशी वर!" मग ठरलेला किस्सा, चक्कर सुरू व्हायच्या थोडं आधीचा. साखळी निसटली आणि लोखंडाचा गठ्ठा थेट फोरमनच्या पुढ्यात आदळला तो. "टोपीला वारा लागला नुसता! आणि पठ्ठ्याने तीच टोपी काढून मला सलाम ठोकला!" किस्सा ऐकून ऐकून सोबत्यांचे कान किटले होते. तरी ते हसत, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसे.

घरातला बल्ब गेला, तेव्हा स्टुलावर बायकोच चढली. चक्कर येणाऱ्या माणसाला कोण चढू देणार? तो स्टूल धरून उभा राहिला, पण वर बघितलं नाही.

मानेच्या डॉक्टरांनी त्याला बऱ्याच वेळाने बाहेर सोडलं. खांद्यावर हात ठेवून ते दारापर्यंत आले. "जा आता मजेत," ते म्हणाले.

"निघालं काय पण?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी नवऱ्याकडे बघितलं. "ते सांगतील तुम्हाला."

जिन्याचा कठडा घट्ट धरून उतरता उतरता त्याने सांगितलं, "त्यालाही नक्की कळत नाही म्हणाला. आता परत डॉक्टरीणबाईंकडे."

"कळत नाही आणि वर म्हणतो, जा मजेत? फी खिशात पडल्यावर मजा त्याचीच!" बायको चालता चालता थांबली. "ह्या वेळी मी आत येणार."

"तू कशाला? उगाच तोंडाचा पट्टा सोडशील."

"सोडणारच."

आणि तिने सोडला. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, कारखान्यातल्या कितीतरी माणसांना त्यांनी तरुणपणापासून बघितलं होतं. त्यांनी तिला मधे कुठेही अडवलं नाही. हेलपाटे, रजा, बंद दुकान, मॅनेजरचा निरोप, सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"काय करू या?"

तो टेबलाकडे बघत राहिला.

"त्यांना काय विचारता?" बायको उसळली. "शिकलात तुम्ही की ते? आजार असेल तर त्याचं नाव सांगा, आम्ही एकदाचं रडून घेऊ. नसेल तर फिट लिहा. दुसरं कुणी त्यांच्या जागेवर बसलं ना, तर हा माणूस खचेल हो. घरी हसतो, पण मला कळतं. रात्र रात्र जागा असतो. त्याचा जीव वर अडकलाय, बाई."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझीच. हे मी खूप आधी लिहायला हवं होतं."

त्यांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतके दिवस सोसलं त्याचं सार्थक झालं, असं तिला वाटलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायला ती वळली.

त्याने हात लांब करून डॉक्टरीणबाईंचं पेन धरलं होतं.

"लिहू नका, बाई. पहिल्या दिवशी माझं ऐकलंत तसं आजही ऐका," तो म्हणाला. "आणखी कुणाकडे तरी पाठवा. मला वर चढायची भीती वाटते."