फ्रीजचं हँडल

प्रीतीचा ओला हात फ्रीजच्या हँडलला लागला आणि पाच वर्षांची पोर मागे फेकली गेली. तोंड उघडं होतं, पण रडू बाहेर येत नव्हतं. कौसल्या पिठाच्या हातांनीच धावली. देवानंदने आधी भिंतीवरचा मेन स्विच पाडला, मग लेकीला उचलून घेतलं. थोड्या वेळाने पोरीने भोकाड पसरलं, तेव्हा कुठे आईबापाच्या जिवात जीव आला. आजी, म्हणजे देवानंदची माय सगुणाबाई, दारातच उभी होती. नात वाचली तरी तिचा चेहरा पांढराफटक तो पांढराफटकच राहिला.

धावड्याच्या शिवारातल्या या वस्तीवर विजेचा खांब कधी आलाच नाही. देवानंदच्या वडिलांनी, तातेरावांनी, हौसेने छतावर सोलरच्या प्लेटा बसवून घेतल्या. आत इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या आल्या. व्होल्टेज वरखाली होऊन फ्रीज जळू नये म्हणून त्याला वेगळा स्टॅबिलायझर लावला. त्या फ्रीजला ते जावयासारखं जपायचे. उन्हाळा लागता लागता जालन्याच्या दवाखान्यात ते बरेच दिवस पडून राहिले आणि तिथेच गेले. त्यांच्यामागे फ्रीज चावायला लागला.

आधी नुसत्या मुंग्या यायच्या. कौसल्या पायात स्लीपर घालून, हातात कोरडं फडकं घेऊन दार उघडायला शिकली. मग देवानंदने स्टॅबिलायझर बदलला. नव्या स्टॅबिलायझरवर आकडा बरोबर दिसायचा, दिवा हिरवा असायचा. सगळं ठीक आहे असं यंत्र सांगत होतं आणि हँडल मात्र हात झटकत होतं. पाणी मागायला आलेल्या एका बाईला झटका बसला, तेव्हा गावाला विषय मिळाला. तातेराव अजून घरातच आहेत म्हणे. देवानंद चिडायचा. आपण बौद्ध माणसं, आपल्यात भूतबित मानत नाहीत, असं सुनावायचा. पण फ्रीज उघडायची वेळ आली की तोही बायकोला हाक मारायचा.

भीती नव्हती ती एकट्या सगुणाबाईला. ती अनवाणी फ्रीजपाशी जायची आणि दार न उघडता हँडलवर नुसता हात ठेवून उभी राहायची. एका दुपारी कौसल्याने तिला हळू आवाजात बोलताना ऐकलं. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, असं काहीतरी चाललं होतं. मग ती थांबली. समोरचा बोलायला लागला की आपण थांबतो, तशी. नंतर मान हलवून हसली. घरात तेव्हा त्या दोघीच होत्या.

आज मात्र पोरीवर बेतलं होतं. देवानंदने राधेश्यामला फोन लावला. प्लेटा बसवल्या त्या राधेश्यामनेच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी कोण घालून राह्यलं?"

फ्रीजच्या पत्र्यात उतरलेला करंट हिरव्या वायरने जमिनीत जातो, तो समजावत होता. खड्डा वाळला की त्याला वाट राहत नाही. मग जो हात लावील त्याच्या अंगातून तो जातो. स्टॅबिलायझरला यातलं काही कळत नाही.

खड्डा कुठे आहे, हेच देवानंदला माहीत नव्हतं. बाबा रोज सकाळी घरामागे बादलीभर पाणी ओतायचे खरे, पण धुरळा बसावा म्हणून ओतत असतील असं त्याला वाटायचं. तो हिरव्या वायरीच्या मागे निघाला. वायर फ्रीजमागून भिंतीतल्या भोकात गेली, बाहेर भिंतीच्या कडेकडेने उतरली आणि सिमेंटच्या ओट्याखाली शिरली.

ओट्याखाली तातेरावांच्या अस्थी होत्या.

फ्रीजची वायर सरळ बाबांपाशी जाऊन पोचत होती. गाव म्हणतं ते खरंच असेल, असं त्या घडीला, भर उन्हात, देवानंदला वाटून गेलं आणि त्याने वायर सोडून दिली. मग एकेक आठवायला लागलं. अस्थी नदीत न सोडता रानात पुरायच्या, वर आंबा लावायचा, असं घरात ठरलं होतं. जागाही विहिरीजवळची ठरली होती. माय अडून बसली. इथंच पुरा म्हणाली. झाड नको, सिमेंटचा ओटाच पाहिजे म्हणाली. दुःखात माणूस काहीही बोलतं, म्हणून सगळ्यांनी ऐकलं होतं.

तो वळला. सगुणाबाई पहार घेऊन मागे उभी होती. त्याने काही बोलायच्या आत तिने ओट्यावर घाव घातला. सिमेंटचा टवका उडाला.

"माय, तुला म्हाईत व्हतं?"

"त्यांनी धा येळा सांगितल्तं, खड्डा वाळला की फ्रीज झटका देतो." तिला दम लागला होता. "त्यांची राख घरी आली त्या दिशी म्या पाण्याची बाटली काढाया गेले, अन् हाताला मुंग्या आल्या. वाटलं, तेच हायेत. आता पाणी घातलं तं हे बी जाईन."

देवानंदने रागवावं तर कोणावर? त्याने तिच्या हातातली पहार घेतली आणि उरलेला ओटा फोडला. खालची माती भाजल्यासारखी तडकली होती. आतून प्रीतीचे हुंदके ऐकू येत होते. ते ऐकून सगुणाबाई स्वतःच हौदाकडे गेली आणि बादली भरून घेऊन आली. खड्ड्याच्या तोंडाशी तिने ती कलती केली, पण पाणी पडू दिलं नाही.

"म्याच घालते पाणी," ती म्हणाली. "पण आधी एकडाव मेन चालू कर, देवा. त्यांना सांगून येते."