चाराजवळचा टवका

“चाराच्या आकड्याजवळ काचेला टवका हवा,” सुहैर म्हणाली. “आणि पट्ट्याची एक कडी जरा पिवळट. मूळची हरवली होती, दुसरी बसवलेली.”

अबू रातिबने डोळ्याचं भिंग काढलं. “पोरी, लोक माझ्याकडून फर्स्ट कॉपी नेतात ती नवीकोरी दिसावी म्हणून. तुला फुटकी हवीय?”

“हो.”

“नवऱ्याचं खरं घड्याळ लांबवून तिथे नकली ठेवणार असशील तर आत्ताच सांग. तसली गिऱ्हाइकं येतात. त्यांना मी भाव चढा लावतो.”

ती हसली नाही. पर्समधून फोटो काढून तिने काउंटरवर ठेवला. तिचा भाऊ तैसीर, दातांचा डॉक्टर झाला त्या दिवशीचा. मनगट मुद्दाम पुढे केलेलं. त्यावर कुवेतच्या मामाने दिलेली रोलेक्स.

“कधी नेला?” म्हाताऱ्याने विचारलं. दमास्कसमध्ये असा फोटो बघून ‘हल्ली कुठे असतो’ असं कोणी विचारत नाही.

“अकरा वर्षं झाली. लष्कराच्या नाक्यावरून उचलला. घड्याळ हातातच होतं.”

अबू रातिबने फोटो भिंगाखाली धरला. बराच वेळ धरला.

“नक्कल कोणासाठी?”

“आईसाठी.”

मग तिने सगळं सांगून टाकलं. राजवट पडली, तुरुंगांची दारं फुटली, तैसीर बाहेर आला नाही. नोंदवहीत त्याचं नाव सापडलं, पुढे लिहिलेलं, ‘हृदयविकार’. पानभर नावं आणि सगळ्यांपुढे हृदयविकार. विशी-पंचविशीच्या पोरांची हृदयं तिथे रांगेने बंद पडत होती, आणि त्यांना मारणारे हरामखोर मात्र ठणठणीत. मढं नाही, कबर नाही. आई म्हणते, कागदावर कोणीही काहीही लिहील. डोकं फिरून कुठे भटकत असेल, येईल. रोज त्याचं ताट मांडते. सुतकाची बिनसाखरेची कॉफी तिने घरात उकळू दिली नाही. सुहैरचा नवरा सहा वर्षं जर्मनीत वाट बघतोय. मायलेकींचे व्हिसा या महिन्यात संपतात, आणि आई उंबरा ओलांडायला तयार नाही. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?

“म्हणते, त्याचं घड्याळ दाखव, मग मानेन. जिवंत सुटला त्याला त्याच्या वस्तू परत मिळाल्या, मेला त्याच्या वस्तू शिपायांनी विकून खाल्ल्या, असं तिला कोणीतरी सांगितलंय.”

“आणि कुठे मिळालं म्हणून सांगशील?”

“हेच. एका शिपायाने बाजारात विकलं, दुकानात पडून होतं, मी ओळखलं.”

म्हाताऱ्याने फडकं घेतलं आणि काउंटरची स्वच्छ काच पुसत बसला.

“पाप आहे, कळतं मला,” सुहैर म्हणाली. “आईशी असलं खोटं बोलायचं म्हणजे.”

“पापाचं मला नको विचारूस. तीन दिवसांनी ये.”

तिसऱ्या दिवशी ती निघाली. वाटेत उकिरड्याशी एक दाढीवाला अनवाणी बसला होता. सवयीने तिने वाकून त्याचा चेहरा बघितला. तुरुंग फुटले तेव्हापासून ती असे चेहरे बघत आली होती. वेडी फक्त आईला म्हणायची. तैसीर, ती मनात म्हणाली, परत आलास तर मला दोन थोबाडीत ठेवून दे. पण आत्ता मला जाऊ दे.

अबू रातिब तिला बघून आतल्या खोलीत गेला. रुमालात गुंडाळलेलं घड्याळ त्याने तिच्यापुढे ठेवलं आणि हात मागे घेतला.

टवका चाराजवळच होता. कडी तशीच पिवळट.

“काका, तुमच्या हातात जादू आहे.”

“मी काही केलेलं नाही.”

“किती द्यायचे?”

“राहू दे.”

“असं कसं? मेहनतीचे तरी—”

“राहू दे म्हटलं ना!” तो खेकसला. “उचल ते आणि जा. परत इकडे येऊ नकोस.”

या गावात एक तरी माणूस शिल्लक आहे, असं मनात म्हणत ती घरी आली.

आई जमिनीवर बसून आत भात भरायला कोवळे भोपळे पोखरत होती. सुहैरने पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हणून टाकलं. शिपाई, बाजार, दुकान. आईने हात पुसले, घड्याळ घेतलं. टवक्याकडे तिने बघितलंही नाही.

“मला वाटलंच होतं, मला गप्प करायला तू एखादं नकली घेऊन येशील. फोटोत दिसतं तेवढं सगळं हुबेहूब करून देतात म्हणे, मेले.”

सुहैर घड्याळ परत घ्यायला पुढे झाली.

आईने पट्टा उघडला आणि बंद करायची पट्टी उलटी केली. “मामाने दिलं त्या दिवशी तो झोपला, तेव्हा मी इथे आतून कात्रीच्या टोकाने पाच रेघा ओढल्या होत्या. दृष्ट लागू नये म्हणून. कोणाकडे बोलले नाही. एवढ्या महागाच्या वस्तूवर ओरखडे काढले म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.”

तिने पट्टीच्या आतून अंगठ्याचं नख फिरवलं. एक. दोन. तीन. चार. पाच.

सुहैरने वाकून पट्टी बघितली. रेघा फोटोत कुठेच नव्हत्या.

आई उठली. तैसीरचं मांडलेलं ताट तिने उचललं आणि फळीवर पालथं घातलं.

“कॉफी ठेव,” ती म्हणाली. “साखर घालू नकोस. लोक येतील.”