लिलावातला ट्रक

लष्कराने लिलावात काढलेल्या ट्रकखाली बळवंत उताणा सरकला. चासी सरळ होती, कुठे जोड दिलेला नव्हता. इंजिनही पहिल्याच किल्लीला सुरू झालं होतं. मग त्यानं ब्रेकची रबरी नळी बोटांनी वाकवली, तेव्हा तिच्यावरच्या भेगा उघडल्या.

“दाजी, गाडी घ्या, पण नळ्या बदलल्याशिवाय हलवू नका,” तो बहिणीच्या नवऱ्याला म्हणाला. “फार चाललेली नाही म्हणून माणूस भुलतो, पण उभ्या उभ्या रबर मरतं.”

“गावात गेल्यावर बदलू की,” सर्जेराव हसले. “सुलू आरती घेऊन थांबली असेल.”

ताबा मिळताच ते ट्रक घेऊन निघाले. बळवंत मागून मोटारसायकलवर होता. घाटाच्या उतारावर ट्रकचा वेग वाढतच गेला. पुढे माणसांनी भरलेली एसटी होती. सर्जेरावांनी स्टिअरिंग डोंगराकडे वळवलं आणि ट्रक कातळावर आदळला. बळवंत पोचला तेव्हा दाजी गेले होते.

तेराव्याला पानं वाढता वाढता सुलूनं विचारलं, “दादा, गाडी तू बघितली होतीस ना? ब्रेक खराब आहेत हे यांना ठाऊक होतं का?”

हो म्हटलं असतं, तर ती जन्मभर मेलेल्या नवऱ्यावर चिडत राहिली असती.

“नाही गं,” बळवंत म्हणाला. “माझ्याच नजरेतून सुटलं.”

सुलूनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग वाकून तिनं त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं.

“जा,” ती म्हणाली. “पुन्हा तोंड दाखवू नकोस.”